कर्करोग होण्याआधीची शस्त्रक्रिया

मूल पाच वर्षांचं होत आलंय. गळ्याला गाठ नाही, गिळायला त्रास नाही, सोनोग्राफी अगदी स्वच्छ. फक्त रक्ताच्या तपासणीत थायरॉईडच्या एका आनुवंशिक कर्करोगाचा जनुकदोष सापडलाय. तरीही डॉक्टर सांगतात की त्याची थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढून टाकायला हवी, आणि तीही लवकर. आईवडिलांना हे पचायला जड जातं. हसत्याखेळत्या मुलाला टेबलावर झोपवायचं कशासाठी? या प्रश्नाला वैद्यकाकडे भक्कम उत्तर आहे, आणि ते मिळवायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

थायरॉईडचा कर्करोग म्हटला की तो बहुतेक वेळा पॅपिलरी प्रकारचा असतो. तो सहसा संथ वाढतो, शस्त्रक्रियेनं आणि गरज पडल्यास किरणोत्सारी आयोडीननं आटोक्यात येतो. मेड्युलरी प्रकाराची गोष्ट वेगळी. थायरॉईड संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या अधेमधे 'सी' पेशी विखुरलेल्या असतात, त्यांच्यातून हा उगवतो. या पेशी कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक बनवतात. त्या आयोडीन शोषून घेत नाहीत, त्यामुळे किरणोत्सारी आयोडीन इथे कुचकामी ठरतं. नेहमीच्या केमोथेरपीचाही फारसा उपयोग होत नाही. आजार मानेतल्या लसीकाग्रंथींपर्यंत पोचला की पूर्ण बरं होण्याची आशा बरीच कमी होते. म्हणून खात्रीचा उपाय एकच: पसरायच्या आत काढून टाकणं.

मेड्युलरी कर्करोगाच्या साधारण चार रुग्णांपैकी एकाच्या बाबतीत तो वारशानं आलेला असतो. या आनुवंशिक विकाराला 'मल्टिपल एंडोक्राइन निओप्लेझिया टाइप २', थोडक्यात 'मेन-२' म्हणतात. यात थायरॉईडसोबत मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींत फिओक्रोमोसायटोमा नावाच्या गाठी होऊ शकतात, आणि काही जणांच्या पॅराथायरॉईड ग्रंथीही (थायरॉईडमागच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) वाढतात. आईवडिलांपैकी एकाकडे सदोष जनुक असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

हे सगळं एकाच आजाराचं रूप आहे, हे कळायला फार वेळ गेला. १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे फेलिक्स फ्रेंकेल यांनी १८ वर्षांच्या एका मुलीची नोंद लिहून ठेवली. तिला अचानक धडधड, डोकेदुखी, घाम यांचे झटके यायचे. ती दगावली, आणि शवविच्छेदनात दोन्ही ॲड्रिनल ग्रंथींत गाठी सापडल्या. ही नोंद पुढे फिओक्रोमोसायटोमाचं पहिलं वर्णन म्हणून ओळखली गेली. १९५९ मध्ये मेड्युलरी कर्करोगाला स्वतंत्र ओळख मिळाली. १९६१ मध्ये जॉन सिपल या तरुण अमेरिकी डॉक्टरनं ३३ वर्षांच्या एका रुग्णाच्या शवविच्छेदनात ॲड्रिनलच्या गाठी आणि थायरॉईडचा कर्करोग एकत्र पाहिले. हा निव्वळ योगायोग नसावा, असं वाटून त्यानं जुने अहवाल चाळले आणि दोन्हींचं नातं मांडलं. २००७ मध्ये संशोधकांनी फ्रायबुर्गच्या त्या मुलीच्या कुळाचा माग काढला, तेव्हा तिच्या हयात नातेवाइकांत मेन-२ चा जनुकदोष सापडला. १२० वर्षं तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच उतरत आला होता. आनुवंशिक आजार किती चिवट असतो, हे मला या शोधाइतकं दुसऱ्या कशानं पटलेलं नाही.

दोषी जनुकाचं नाव आरईटी. जपानचे मासाहिदे ताकाहाशी यांनी १९८५ मध्ये तो शोधला, पण त्याचा मेन-२ शी संबंध १९९३ मध्ये उघड झाला. या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आवरणात आरपार बसलेलं असतं, अर्धं बाहेर आणि अर्धं आत. बाहेरून योग्य संदेश आला की अशी दोन प्रथिनं जवळ येतात, त्यांचा आतला भाग जागा होतो आणि पेशीला वाढीचा हुकूम मिळतो. संदेश संपला की हुकूमही थांबतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्या बाहेरच्या भागात सिस्टीन नावाची अमिनो आम्लं एकमेकांशी जोड्या करून बसलेली असतात. साखळीतल्या ६३४ क्रमांकाच्या जागी सिस्टीनऐवजी दुसरं काही आलं, की त्याचा जोडीदार एकटा पडतो. तो मोकळा सिस्टीन शेजारच्या आरईटी प्रथिनातल्या तशाच एकट्या सिस्टीनला जाऊन चिकटतो. दोन प्रथिनं कायमची बांधली जातात. दारावर कोणी नसताना बेलचं बटण आत अडकून बसावं आणि ती वाजतच राहावी, तशी या पेशीची गत होते. सी पेशी आधी संख्येनं वाढतात, मग कर्करोगाकडे वळतात. ९१८ व्या जागेचा दोष याहून वाईट. तिथे प्रथिनाच्या आतल्या भागातच मेथिओनिनऐवजी थ्रिओनिन येतं, आणि जोडी न जुळताही प्रथिन चालू राहतं.

म्हणजे चूक कुठल्या जागी आहे, त्यावर कर्करोग कधी येणार याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना याच पायावर उभ्या आहेत. ९१८ चा दोष असेल तर बाळाच्या पहिल्या वर्षातच ग्रंथी काढायची. ६३४ चा असेल तर पाचव्या वर्षापर्यंत. बाकीच्या बऱ्याच सौम्य दोषांत कॅल्सिटोनिन ठरावीक काळानं मोजत थांबता येतं, आणि ते वाढू लागलं की शस्त्रक्रिया करायची.

जनुकतपासणी येण्याआधी या कुटुंबांची काय अवस्था होती, हे लक्षात घ्यायला हवं. घरातल्या प्रत्येक मुलाला दरवर्षी पेंटागॅस्ट्रिनचं इंजेक्शन देऊन कॅल्सिटोनिन किती उसळतं ते पाहायचे. इंजेक्शननंतर छातीत दाटल्यासारखं व्हायचं, मळमळायचं. शिवाय कॅल्सिटोनिन वाढेपर्यंत काहींना कर्करोग झालेलाही असायचा, आणि काहींची ग्रंथी आकडा वाढलेला दिसला म्हणून काढली, पण पुढे त्यांच्यात जनुकदोषच नसल्याचं कळलं. आज रक्ताची एकच तपासणी पुरते. ज्या मुलांना दोष मिळालेला नाही, त्यांची या फेऱ्यातून कायमची सुटका होते. शस्त्रक्रियेच्या चर्चेत ही बाजू मागे पडते. मला मात्र ती तितकीच मोलाची वाटते.

शस्त्रक्रियेचं फळ मिळतं का? अमेरिकेत सॅम्युएल वेल्स यांच्या गटानं १९ वर्षं आणि त्याखालच्या ५० जणांची थायरॉईड प्रतिबंधक म्हणून काढली आणि त्यांच्यावर निदान पाच वर्षं लक्ष ठेवलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांतल्या ४४ जणांत आजाराचा मागमूस नव्हता. आठ वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती अधिक चांगली होती.

पण किंमतही आहे. थायरॉईडच्या मागून स्वरयंत्राची नस जाते, ती दुखावली तर आवाज बसतो. पॅराथायरॉईड ग्रंथी साधारणपणे चार, मोठ्या माणसातही प्रत्येकी काही मिलिमीटरच्या. तान्ह्या बाळात त्या इतक्या पारदर्शक असतात की आजूबाजूच्या चरबीतून वेगळ्या ओळखणं अवघड. त्या निकामी झाल्या तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, ओठांभोवती मुंग्या येतात, हातपाय वळतात आणि जन्मभर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वावर राहावं लागतं. थायरॉईडची उणीव गोळीनं भरून काढता येते. स्विस सर्जन थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्ये पूर्ण थायरॉईड काढलेल्या रुग्णांची शारीरिक-मानसिक घसरण नोंदवली होती, ती वेळ आता लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीमुळे येत नाही. पॅराथायरॉईडची उणीव इतक्या सहज भरून निघत नाही. म्हणून लहान मुलांची ही शस्त्रक्रिया असे रुग्ण नेहमी हाताळणाऱ्या सर्जनकडेच व्हायला हवी, याबाबत तडजोड नको. आणि मोठ्या वयात निदान झालेल्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी आधी तपासायलाच हव्यात. तिथे गाठ लपलेली असताना भूल दिली, तर रक्तदाब जीवघेणा भडकू शकतो.

९१८ च्या दोषातून होणारा मेन-२ चा प्रकार, 'मेन-२बी', बहुतेक वेळा कुटुंबात नव्यानंच उपजतो. आधीच्या पिढीत कोणालाच नसल्यामुळे कोणी सावध नसतं, आणि निदान होतं तेव्हा कर्करोग पसरलेला असतो. खुणा मात्र खूप आधी दिसतात. जिभेवर आणि ओठांवर बारीक गाठी, तान्हेपणापासूनची हट्टी बद्धकोष्ठता, आणि एक फार विलक्षण खूण: बाळ रडतं, पण डोळ्यांत पाणी येत नाही. या तिन्ही गोष्टी एका बाळात दिसल्या, तर बालरोगतज्ज्ञांच्या मनात आरईटी यायलाच हवा.

आजार पसरल्यावरही आता हात टेकायची वेळ येत नाही. आरईटीवर नेमका नेम धरणारं सेल्परकॅटिनिब हे औषध २०२० पासून उपलब्ध आहे. त्याच वर्षी अमेरिकेत प्रॅल्सेटिनिबलाही या कर्करोगासाठी मान्यता मिळाली होती, पण ती २०२३ मध्ये मागे घेतली गेली. अशी औषधं गाठी आक्रसवतात आणि अनेकांना चांगला काळ मिळवून देतात. मात्र औषध ठरवण्यासाठी केलेल्या तपासणीत एक गफलत होऊ शकते. गाठीच्या तुकड्यात आरईटीचा दोष सापडला, म्हणजे तो वारशानं आला असं नाही; तो फक्त त्या गाठीत निर्माण झालेला असू शकतो. वारसा ठरतो तो रक्ताच्या तपासणीवर. घरात कोणाला हा आजार नसला, तरी मेड्युलरी कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची ती व्हायला हवी, कारण वरवर एकट्यादुकट्या दिसणाऱ्या काही रुग्णांतही जनुकदोष निघतो. अहवाल हातात आला की डॉक्टरांना विचारा, ही तपासणी गाठीची आहे की रक्ताची? रक्तात दोष असेल तर रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांना त्याच आठवड्यात कळवा. त्यांच्यापैकी कोणी पाच वर्षांचं होत आलेलं असू शकतं.