चुंबकाची मोटार आणि ३०० व्होल्टचा झटका

तासगाव-पलूस भागात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोय. चाकावर चुंबक, शेजारी तांब्याची कॉइल, दोन बॅटऱ्या: पहिली मोटार चालवते, दुसरी म्हणे कॉइलमधून येणाऱ्या विजेवर चार्ज होते. आणि दावा असा की ही मोटार फुकटात शेतीपंप चालवेल. शेतीपंपाची वीज बरेचदा रात्रीची असते, त्यामुळे शेतकऱ्याला अशा गोष्टीची आशा वाटणारच. म्हणूनच ती नीट तपासायला हवी.

चुंबकाचं गणित सरळ आहे. जवळ येताना तो चाकाला जेवढं ओढतो, तेवढंच लांब जाताना मागे खेचतो. पूर्ण फेरीत हाती शून्य. चाक फिरतं ते पहिल्या बॅटरीतून कॉइलला मिळणाऱ्या क्षणिक विजेमुळे.

कॉइलची वीज चालू-बंद करतो तो ट्रान्झिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. खरी गंमत तो बंद होतो तेव्हा आहे. लांब पाइपलाइनचा व्हॉल्व्ह फटकन बंद केला की वाहतं पाणी थांबायला तयार नसतं आणि पाइपला दणका बसतो. कॉइलमधला प्रवाहही तसाच हटवादी. वाट बंद झाली तर पुढे सरकण्यासाठी तो लागेल तेवढा व्होल्टेज उभा करतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ३०० व्होल्टचा झटका दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, ऊर्जा वाढली!

हिशेब करू. कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहाच्या या हटवादीपणाचं माप, १० मिलीहेन्री, प्रवाह २ अँपिअर. साठलेली ऊर्जा म्हणजे इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा वर्ग, त्याचं निम्मं: ०.०२ ज्यूल. ३०० व्होल्टला हा प्रवाह सुमारे ६७ मायक्रोसेकंदांत शून्यावर येतो. ३०० गुणिले २ गुणिले ६७ मायक्रोसेकंद, आणि प्रवाह उतरत जातो म्हणून त्याचं निम्मं: पुन्हा ०.०२ ज्यूलच. व्होल्टेज चढला, वेळ आटला. सेकंदाला असे २० झटके मिळाले तरी ०.४ वॉट. पाच एचपीच्या पंपाला ३,७०० वॉट लागतात.

मग दुसरी बॅटरी ‘चार्ज’ कशी दिसते? लोड नसताना लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज थोड्याशा चार्जिंगनेही वर दिसतो, आणि साधा मल्टिमीटर असे टोकदार झटके धड मोजत नाही. अमेरिकेत जोसेफ न्यूमन यांनी अशाच चुंबक-कॉइलच्या यंत्रासाठी पेटंट मागितलं होतं. तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या मोजमापाच्या सरकारी संस्थेने १९८६ साली ते यंत्र मोजलं. दिलेल्या विजेपेक्षा मिळालेली वीज कमीच भरली.

चमत्काराचा दावा करणाऱ्याला तो चाचणीत सिद्ध करायला लावणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. यंत्राच्या दाव्यालाही तोच न्याय लावा, आणि आगाऊ रक्कम मागणाऱ्याला तर आधी लावा.

चाचणी सोपी आहे. दोन्ही बॅटऱ्या काढायच्या. गाडीच्या स्टिरिओला लावतात तो वीज साठवणारा १ फॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टला चार्ज करून मोटारीला जोडायचा आणि झटक्यांची वीज त्यातच परत सोडायची. त्यात ७२ ज्यूल असतात, लपवलेलं काही नाही. मोटार ५ वॉट खात असेल आणि परत काहीच येत नसेल, तर ते जेमतेम १४ सेकंद पुरतील. झटक्यांमुळे थोडे जास्त. व्होल्टेज उतरतच गेला तर दावा खोटा.