बोलावल्यावर न येणारं मांजर : एका जुन्या तुलनेची पार्श्वभूमी

सिंधमधल्या चन्हुदडो इथे १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केलं, तेव्हा पावलांचे ठसे असलेली एक वीट सापडली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ती वीट ओली असताना तिच्यावरून आधी एक मांजर गेलं आणि त्याच्या मागून एक कुत्रा. ठसे खोल रुतलेले आणि पसरलेले आहेत, त्यावरून दोघंही भरधाव पळत होते असं मॅके यांचं म्हणणं. मांजर निसटलं की सापडलं ते वीट सांगत नाही. पण सिंधू संस्कृतीच्या त्या गावातही ही दोन जनावरं माणसांच्या अवतीभवती वावरत होती, एवढं नक्की कळतं.

तेव्हापासून आजवर या दोघांना आपण एकाच तराजूत तोलत आलो आहोत. कुत्रा इमानी, मांजर मतलबी. कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर घराला. माझ्या लहानपणापासून आमच्या घरात मांजरं आहेत आणि हा निवाडा मला दर वेळी टोचतो. दोघांचे स्वभाव वेगळे आहेत, यात वादच नाही. पण ते वेगळे का झाले हे पाहिलं, तर मांजरावरचा आरोप टिकत नाही.

कुत्र्याची गोष्ट शेतीच्याही आधी सुरू होते. लांडग्यांच्या एका वंशापासून तो वेगळा झाला त्याला किमान पंधरा हजार वर्षं झाली असावीत. माणूस तेव्हा शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगत होता. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक पुरुष आणि एक स्त्री यांचं दफन सापडलं. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या त्या दफनात त्यांच्यासोबत एक कुत्र्याचं पिल्लू होतं. त्याच्या दातांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा ते डिस्टेंपर या कुत्र्यांच्या गंभीर रोगाने कित्येक आठवडे आजारी होतं असं दिसलं. कुणी जवळ बसून पाणी पाजल्याशिवाय, उबेत ठेवल्याशिवाय ते तितके दिवस तगलंच नसतं. शिकारीला नेण्याच्या वयाचंही ते नव्हतं. माझ्या मते माणूस आणि कुत्रा यांच्या नात्याचा याहून हृद्य पुरावा नाही.

लांडगा मुळातच कळपाने शिकार करणारा. सोबत्याच्या हालचालीकडे लक्ष ठेवणं, इशारा ओळखणं, थोरल्याचं ऐकणं हे सगळं त्याच्या अंगात आधीच होतं. माणसाने त्यावर हजारो वर्षं निवड केली. मेंढरं वळणारा वेगळा, राखण करणारा वेगळा, सशामागे धावणारा वेगळा. आपल्याकडचा लांब पायांचा कारवानी कुत्रा अशाच निवडीतून घडला. २०१९ साली झालेल्या एका अभ्यासात कुत्र्याच्या भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक स्नायू चांगला वाढलेला आढळला. लांडग्यात तो जवळपास नसतोच. आपलं मन विरघळवणारी ती केविलवाणी नजरसुद्धा या सहवासानेच घडवली आहे.

मांजर आलं ते फार नंतर, आणि त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पश्चिम आशियात माणसं शेती करू लागली, धान्य साठवू लागली, तशी कणगीत उंदरांची सोय झाली. उंदरांमागून तिथलं रानमांजर वस्तीच्या कडेला आलं. जगभरची पाळीव मांजरं त्या भागातल्या रानमांजराच्याच वंशातली आहेत, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिलं. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस इथे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनापासून जेमतेम चाळीस सेंटिमीटरवर साधारण आठ महिन्यांचं मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी त्यांना होडीत घालून समुद्रापार नेलं होतं.

मात्र माणसाने मांजराला काम लावून दिलं नाही. उंदीर मारणं हे ते स्वतःहूनच करत होतं. त्याची जोडीही माणसाने जुळवली नाही, बोके रात्री कौलांवर भांडून ते ठरवत राहिले. त्यामुळे आजचं घरचं मांजर अंगाने आणि स्वभावाने आपल्या रानटी पूर्वजाच्या अगदी जवळ राहिलं आहे. हा पूर्वज एकट्याने शिकार करणारा. एक उंदीर एकाच मांजराला पुरतो, वाटून खाण्याजोगं त्यात काही नसतं. मांजराच्या बहुतेक लकबी या एका गोष्टीतून उलगडतात. दिवसातून दहा वेळा थोडं थोडं खाणं, पोट भरलेलं असतानाही हलत्या दोरीवर झडप घालणं, खोक्यात किंवा कपाटावर दबून बसणं. दुखणं लपवणंही त्यातलंच. एकट्याने जगणाऱ्या छोट्या जनावराने अशक्तपणा दाखवला तर तेच दुसऱ्याची शिकार होतं. मांजराचं खाणं मंदावलं की दोन दिवस वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावं ते याचसाठी.

अशा एकट्या जनावराने माणसाशी बोलायला शिकावं, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. मोठी मांजरं एकमेकांशी म्यावम्याव फारशी करत नाहीत. म्याव हे पिल्लाने आईला हाक मारण्याचं साधन. माणसाच्या घरात राहणाऱ्या मांजराने ते मोठेपणीही टिकवलं, आणि ते आपल्यासाठी. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली मांजरांची घुरघुर ध्वनिमुद्रित केली. खायला मागतानाच्या घुरघुरीत तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळताजुळता एक उंच स्वर दडलेला असतो, असं त्यांना आढळलं. मांडीवर बसून कणीक मळल्यासारखे पंजे चालवणं हीसुद्धा आईच्या कुशीतली सवय, दूध पितानाची.

प्राचीन इजिप्तमध्ये मांजर देवतेपर्यंत पोचलं. बुबास्टिस या नगरात बास्टेट देवीचं मोठं क्षेत्र होतं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की तिथे घरातलं मांजर मेलं तर घरची माणसं भुवया काढत, आणि कुत्रा मेला तर डोक्यासकट सगळं अंग. तुलना तेव्हाही सुटलेली नव्हती. देवतांना वाहिलेल्या मांजरांच्या ममींची पुढे फार वाईट गत झाली. १८९० साली सुमारे एकोणीस टन ममी जहाजाने लिव्हरपूलला आणून खत म्हणून विकल्या गेल्या.

आपल्या परंपरेत मांजराच्या वाट्याला संशय जास्त आला. शब्द मात्र फार सुंदर मिळाला. ‘मार्जार’ हा ‘मृज्’ म्हणजे स्वच्छ करणं या धातूपासून आलेला, सतत स्वतःला चाटूनपुसून ठेवणारा तो मार्जार. पण महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी हात वर करून तप करणारं आणि विश्वास ठेवून जवळ आलेले उंदीर खाणारं मांजर आहे. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या भव्य शिल्पपटावर ते मागच्या पायांवर उभं असलेलं दिसतं, भोवती उंदीर. ढोंगी माणसाला मनुस्मृती ‘बैडालव्रतिक’, म्हणजे मांजराचं व्रत घेतलेला, म्हणते. त्याच महाभारतात कुत्र्यासाठी युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर इथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला एक स्मारकशिला-लेख आहे, तो रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याच्या आठवणीसाठी. मांजराचा असा वीरगळ मी कुठे पाहिलेला नाही. त्याने राखलेल्या धान्याचा हिशेब कोण ठेवणार होतं?

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपण म्हणतो. माणसाचा विश्वास मांजराच्या मनात बसतो तो नेमका याच दिवसांत. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचे हात लागले, तर ते पुढे जन्मभर माणसाळलेलं राहतं. कुत्र्याच्या पिल्लाला ही मुभा साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत असते. मांजरीने पिल्लं माळ्यावर लपवली आणि दोन महिन्यांनी खाली आणली, की ती बुजरी निघतात. आपण म्हणतो, मांजराची जातच तुसडी. खरं तर त्यांची भेटीची वेळ टळून गेलेली असते.

खाण्याचंही तसंच. माणसाच्या उष्ट्यावर वाढलेल्या कुत्र्यात पिष्ट (स्टार्च) पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त झाल्या, म्हणून त्याला भाकरी मानवते. मांजर मांसाहारीच राहिलं. त्याच्या जिभेला गोड कळतच नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळावा लागतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. नुसत्या दूध-पोळीवर मांजर पाळणाऱ्या घरांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. आणि एका झाडाची ओळख करून घ्यावी : पावसाळ्यात परसात आपोआप उगवणारी खोकली. तिचं मूळ उपटून मांजरापुढे टाकलं तर ते त्यावर लोळतं, गाल घासतं, चाटत राहतं.

मांजर ‘घरातलं’ झालं ते मात्र अगदी अलीकडे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं ते १८७१ साली. मांजराच्या बहुतेक नोंदणीकृत जाती त्यानंतरच्या. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एडवर्ड लो यांनी शेजारणीला मांजराच्या शी-शूच्या पेटीसाठी राखेऐवजी पाणी शोषणारी दाणेदार माती दिली आणि त्यातून ‘कॅट लिटर’चा धंदा उभा राहिला. मुंबई-पुण्यात सातव्या मजल्यावर मांजर पाळता येतं ते या मातीमुळे. हजारो वर्षं बाहेर हिंडून झोपायला घरात येणारं जनावर आता चार भिंतींत राहतं, आणि त्याच्या सगळ्या जगात माणसं उरतात ती दोन किंवा तीन.

ओरेगन राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या पिल्लांना अनोळखी खोलीत माणसापासून थोडा वेळ दूर ठेवून पाहिलं. सुमारे चौसष्ट टक्के पिल्लं माणूस परतताच निर्धास्त झाली. त्याला भेटून पुन्हा खोली हुंगायला लागली. तान्ह्या मुलांच्या अशाच चाचण्यांतलं प्रमाणही जवळपास इतकंच येतं. त्याच वर्षी जपानमधल्या अभ्यासात मांजरांना स्वतःचं नाव ओळखता येतं हेही दिसलं. नाव कानावर पडताच कान किंवा डोकं हलतं, फक्त ती उठून येतीलच असं नाही. हाकेसरशी धावणारा नेमका निवडण्याची पाळी त्यांच्या बाबतीत कधी आलीच नव्हती.

आमची मनी संध्याकाळी दाराशी येते तेव्हा तिची शेपटी सरळ उभी असते, टोकाला जराशी वाकलेली. पिल्लू आईकडे जातं ते असंच. मोठी रानमांजरं एकमेकांना अशी भेटत नाहीत, ही खूण माणसाजवळ राहू लागल्यावर वाढली असं अभ्यासक मानतात. मी चप्पल काढेपर्यंत ती पायांना गाल घासते, मग वळून खिडकीत जाऊन बसते.