कारिकोबाईंना खाली का बसवलं, आणि त्याच कारणात उत्तर कसं सापडलं

यशस्वी माणसांना आधी कसं नाकारलं होतं याचे मेसेज रोज फिरतात, अमक्याला नोकरीवरून काढलं, तमक्याला दारातूनच परत पाठवलं, आणि शेवटी काय तर नाकारणारे सगळे मूर्ख आणि हा एकटा जिद्दी. मला त्यात एक गोष्ट कायम खटकते. नाकारलं का, हे कोणी सांगतच नाही. आणि विज्ञानात तर तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा असतो, म्हणून कॅटलिन कारिको यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितेय. २०२३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ड्र्यू वाइसमन आणि त्यांना मिळून मिळालं, ते ज्या एमआरएनएच्या कामासाठी, त्याच कामापायी १९९५ मध्ये त्यांचं डिमोशन झालं होतं.

बाई हंगेरीच्या, वडील खाटीक होते, लहानशा गावात वाढल्या. सेगेद शहरातल्या संशोधन केंद्रात होत्या पण १९८५ मध्ये तिथले पैसे संपले आणि नोकरी गेली. मग नवरा आणि दोन वर्षांची मुलगी यांना घेऊन अमेरिकेत फिलाडेल्फियाला. तेव्हा हंगेरीतून बाहेर पैसे न्यायला कडक मर्यादा होती, म्हणून गाडी विकून आलेले ९०० पौंड मुलीच्या टेडी बेअरमध्ये शिवून नेले. १९८९ मध्ये पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत लागल्या आणि डोक्यात एकच विषय, एमआरएनए.

आता एमआरएनए म्हणजे काय ते थोडक्यात. आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो, तहसील कचेरीतल्या मूळ दप्तरासारखा, तो बाहेर जात नाही, काम पडलं की हव्या त्या पानाची नक्कल निघते. ती नक्कल म्हणजे एमआरएनए. पेशीतले रायबोसोम ती वाचून प्रोटीन बनवतात, आणि काम झालं की नक्कल नष्ट होते. कारिकोंचं म्हणणं असं, की ही नक्कल आपणच लॅबमध्ये बनवून पेशीत सोडली तर शरीर आपल्याला हवं ते प्रोटीन स्वतःच बनवेल. डीएनएला हात लावायचा नाही, केंद्रकात शिरायचं नाही, आणि काही दिवसांत सगळं आपोआप साफ. १९९० मध्ये विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या स्नायूत एमआरएनए टोचून प्रोटीन तयार झालेलं दाखवलं होतं, म्हणजे कल्पना हवेतली नव्हती.

मग संशोधनासाठी ग्रँट, म्हणजे बाहेरून मिळणारा पैसा, का मिळत नव्हती? तर आक्षेप दोन होते आणि दोन्ही खरे होते, हे मला मुद्दाम सांगायचंय. एक म्हणजे एमआरएनए फार नाजूक, त्याला तोडणारी एन्झाइम्स आपल्या घामात, त्वचेवर, सगळीकडे असतात, जरा निष्काळजीपणा झाला की प्रयोग वाया. दुसरा आक्षेप जास्त गंभीर, की प्राण्यांना टोचलं की सूज येते, शरीर त्याच्यावर तुटून पडतं. अशा गोष्टीचं औषध कसं करणार? त्यात नव्वदच्या दशकात सगळा पैसा आणि उत्साह डीएनएवाल्या जीन थेरपीकडे (बिघडलेल्या जीनच्या जागी चांगला जीन पेशीत घालायचा उपचार) होता.

अमेरिकेत अशा संशोधकाच्या पदाचं गणित ग्रँटवर चालतं, पगार आणि लॅबचा खर्च बाहेरून आणायचा, नाही आणला तर पुढे प्रमोशन नाही. कारिकोंचे अर्ज एकामागून एक परत येत राहिले. १९९५ मध्ये त्यांना प्रोफेसरपदाच्या वाटेवरून खाली उतरवलं, पगारही कमी झाला. त्याच सुमारास कॅन्सरची शंका आली म्हणून ऑपरेशन (सुदैवाने कॅन्सर नव्हता), आणि नवरा व्हिसाच्या भानगडीत हंगेरीत अडकलेला. बहुतेक लोक अशा वेळी सोडून जातात, आणि जाणाऱ्याला कोणी दोष देऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्या राहिल्या, त्यातही डेव्हिड लँगर नावाच्या तरुण न्यूरोसर्जनने आपल्या विभागात त्यांना जागा मिळावी म्हणून धडपड केली होती, नुसत्या जिद्दीवर हे झालेलं नाही.

१९९७ मध्ये ड्र्यू वाइसमन पेनमध्ये, म्हणजे त्याच पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत आले. दोघांची ओळख फोटोकॉपी मशीनजवळ झाली, दोघांनाही जर्नलमधल्या लेखांच्या झेरॉक्स काढायची सवय. वाइसमन इम्युनॉलॉजीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारे, त्यांना एचआयव्हीची लस करायची होती, कारिको म्हणाल्या मी कुठलंही एमआरएनए बनवून देते. दिलं, आणि वाइसमननी ते डेंड्रिटिक पेशींवर टाकलं, म्हणजे बाहेरचं काही दिसलं की बाकी फौजेला बोलावणाऱ्या पेशी, तर त्या एकदम खवळल्या. सूज आणणारी रसायनं भरभरून. म्हणजे ग्रँट नाकारणारे जे म्हणत होते तेच समोर आलं.

इथून पुढचं मला सगळ्यात आवडतं. त्यांनी तो आक्षेप बाजूला सारला नाही, त्यालाच प्रश्न बनवला. आपल्या स्वतःच्या पेशीत तर आरएनए (एमआरएनए हा त्याचाच एक प्रकार) खच्चून भरलेलं असतं, मग त्याच्यावर शरीर का चिडत नाही? वेगवेगळे आरएनए टाकून बघितले तेव्हा दिसलं की टीआरएनए, म्हणजे प्रोटीन बनताना कच्चा माल आणून देणारं आरएनए, टाकलं तर पेशी शांत. आणि टीआरएनएची खासियत ही की त्यातल्या कितीतरी अक्षरांवर, म्हणजे ज्या घटकांची साखळी बनते त्यांच्यावर, पेशीने नंतर छोटे रासायनिक बदल केलेले असतात. बॅक्टेरियाच्या आरएनएत असे बदल फार कमी, आणि लॅबमध्ये बनवलेल्यात तर शून्य. शरीर बहुधा यावरूनच आपलं आणि परकं ओळखत होतं.

मग एकेक बदल करून बघायचं काम. आरएनएची अक्षरं चार, त्यातलं यूरिडीन बदललं की फरक पडतो. स्यूडोयूरिडीन नावाचं रूप निसर्गातच आहे, त्यात अणू तेवढेच, फक्त अक्षराला आरएनएच्या कण्यातल्या साखरेशी जोडणारा बंध नायट्रोजनऐवजी कार्बनवरून जातो. एवढ्याशा फरकाने डेंड्रिटिक पेशी गप्प बसल्या! २००५ मध्ये हे ‘इम्युनिटी’ या जर्नलमध्ये छापून आलं, त्याआधी ‘नेचर’ने परत पाठवलं होतं. २००८ मध्ये आणखी कळलं की अशा एमआरएनएपासून प्रोटीनही जास्त बनतं. तरीही फोन वाजले नाहीत, आणि बाईंनी पुन्हा आधीचं पद मागितलं तेव्हा त्या दर्जाच्या नाहीत असं उत्तर मिळालं, हे त्यांनीच सांगितलंय. २०१३ मध्ये त्या जर्मनीच्या बायोएनटेक कंपनीत गेल्या.

कोविडमध्ये फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना, दोन्ही लसींत याच स्यूडोयूरिडीनचा भाऊबंद वापरला आणि दोन्हींचा परिणाम ९५ टक्क्यांच्या आसपास आला. जर्मनीच्याच क्युअरवॅकने साधं, न बदललेलं एमआरएनए वापरलं, २०२१ मधल्या चाचणीत त्यांचा आकडा ४८ टक्के. डोस कमी होता, व्हेरियंटही वेगळे होते, त्यामुळे सगळं श्रेय एका अक्षराला देता येणार नाही, पण डोस कमी ठेवावा लागला याचं एक कारण न बदललेल्या एमआरएनएचा त्रास हेही मानलं जातं. (आपल्याकडे बहुतेकांनी घेतली ती कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन, त्यात एमआरएनए नव्हतं. भारतातली पहिली एमआरएनए लस पुण्याच्या जेनोव्हाची, जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली, आणि ती साध्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत राहते, जे आपल्या गावांसाठी फार मोठं आहे.)

आणि आता तर वेगळंच चाललंय. प्रत्येक पेशंटच्या गाठीतली म्युटेशन्स बघून त्याच्यापुरती कॅन्सरची लस बनवायच्या चाचण्या सुरू आहेत, स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरच्या एका छोट्या चाचणीत १६ पैकी ८ जणांत अपेक्षित टी-पेशी (गाठीच्या पेशी ओळखून मारणाऱ्या) तयार झाल्याचं २०२३ मध्ये छापून आलं. ती लस बायोएनटेकची, आणि तिच्यात मुद्दाम साधं यूरिडीन ठेवलंय, कारण तिथे इम्युन सिस्टीम खवळलेलीच हवी आहे.