कूलिंगमधील हवा

मोटारगाडीच्या इंजिनातून फिरणाऱ्या कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) हवा किंवा वायू अडकून त्याचे अभिसरण तुटणे आणि त्यामुळे इंजिन तापणे, या बिघाडाची ही नोंद. मुंबईच्या गॅरेजांत ‘गाडीने हवा धरली’ किंवा ‘एअर लॉक झालाय’ असे म्हणतात. गाडी तापण्याला पंखा, थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप), चोंदलेला रेडिएटर (कूलंट निववणारी जाळी), झिजलेला वॉटर पंप अशी बरीच कारणे असतात. हवा हे त्यांतले सर्वांत फसवे कारण आहे. हवा काढली की गाडी चार दिवस ठीक चालते आणि हवा आत शिरली कुठून, हा प्रश्न मागे पडतो. निदान म्हणजे त्याच प्रश्नाचे उत्तर शोधणे.

हवेमुळे काय होते

चालू इंजिनात कूलंट साधारण ८५ ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. रेडिएटरचे झाकण कुकरच्या शिट्टीप्रमाणे दाब धरून ठेवते. हा दाब बहुतेक गाड्यांत वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे १ बारने जास्त असतो आणि एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी असते. सिलिंडर हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या) पोकळीत हवेचा बुडबुडा बसला की तेवढ्या जागचे धातू थंड होत नाही, तिथे वाफ धरते आणि बुडबुडा आणखी फुगतो. वॉटर पंप पाणी ढकलण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या पात्यांत हवा आली की पंप नुसता फिरतो, प्रवाह थांबतो.

हवेमुळे मोजमापही बिघडते. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे सांगतो. त्याच्याभोवती हवा असेल तर तो कमी तापमान दाखवतो, पंखा चालू होत नाही, आणि तिकडे हेड उकळत असते. थर्मोस्टॅटचेही तसेच. त्यातले मेण सुमारे ८२ ते ९० अंशांना वितळून झडप उघडते, पण त्याला गरम कूलंट लागले पाहिजे. भोवती हवा असली तर झडप उशिरा उघडते.

मुंबईतली परिस्थिती

शीव, साकीनाका किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या रांगेत गाडी पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकते. समोरून वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर. इंजिन मंद फिरत असल्याने पंपही मंद. त्यात एसी. दमट हवेतले पाणी काढायला एसीला जास्त काम पडते आणि ती उष्णता रेडिएटरच्या पुढ्यातल्या कंडेन्सरमधून बाहेर पडते, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम असते. कूलंटमधली, एरवी खपून गेली असती एवढी थोडी हवा अशा वेळी तापमानाचा काटा वर चढवते.

शहरातल्या सीएनजी गाड्यांत एक जागा हटकून तपासावी. सीएनजीचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरमध्ये वायू प्रसरण पावताना खूप गार होतो. तो गोठू नये म्हणून हीटरच्या पाइपांना टी-जोड लावून गरम कूलंट त्यातून फिरवतात. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे जोड आणि क्लिपा वाढतात, आणि रिड्यूसर उंचावर बसवला असेल तर हवा तिथेच जाऊन बसते. इंजिन तापलेले असताना रिड्यूसर हाताला गार लागला किंवा त्यावर दव धरले, तर कूलंट तिथवर पोचत नाही हे नक्की.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय शहरात जुनी आहे. ‘मुंबईला थंडी कुठे, त्याची गरज काय’ असे अजूनही ऐकू येते. हा सल्ला मानू नये. आजच्या इंजिनाचे संगणकीय नियंत्रण ठरावीक तापमान धरून इंधन मोजते. इंजिन थंडच राहिले तर पेट्रोल जास्त जाते, झीज वाढते आणि मूळ दोष झाकला जातो तो वेगळाच. जुन्या गाड्यांत रेडिएटरचे झाकण बहुधा सर्वांत उंच जागी असे, त्यामुळे पाणी भरताना हवा आपोआप वर निघून जाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून बाद झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या काळातले उपाय बुटक्या बॉनेटच्या, रेडिएटर खाली असलेल्या गाड्यांना लागू पडत नाहीत.

निदान

पहिली खूण कानाला कळते. गाडी सुरू करताच किंवा बंद करताच डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये हवा शिरलेली असते. दुसरी खूण म्हणजे काट्याचे वागणे. काटा हळूहळू न चढता झपकन वर जातो आणि ॲक्सिलरेटर दाबला की खाली येतो. अनेक छोट्या गाड्यांत काटा नसतो, फक्त थंड इंजिनाचा निळा आणि तापलेल्याचा लाल दिवा असतो. तिथे स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे यंत्र) लावून तापमानाचे आकडे पाहावेत. आकडा काही सेकंदांत वीस-पंचवीस अंश वर-खाली झाला, तर ते पाण्याचे तापमान नव्हे. इतक्या वेगाने पाणी तापतही नाही आणि निवतही नाही. सेन्सरवरून वाफ आणि पाणी आळीपाळीने जात असते किंवा वायरिंगमध्ये दोष असतो.

तिसरी खूण हीटर. मुंबईत हीटर वर्षानुवर्षे कुणी लावत नाही, म्हणून ही सोपी परीक्षा राहून जाते. इंजिन गरम असताना एसी बंद करून बटण पूर्ण लाल बाजूला फिरवावे. काटा वर असूनही झोत गारच येत असेल तर कूलंट कमी आहे किंवा हवा अडकली आहे. मात्र वापराअभावी हीटरचा व्हॉल्व्ह जाम झालेला असू शकतो, तेव्हा हीटरला जाणारे दोन्ही पाइप पंख्यापासून जपून हाताने चाचपावेत. एक गरम, दुसरा गार असेल तर प्रवाह अडला आहे.

कूलंटची पातळी सकाळी, रात्रभर उभ्या गाडीची पाहावी. रेडिएटरला नळीने जोडलेली कूलंटची बाटली नुसती पाहून चालत नाही. गाडी निवताना रेडिएटरच्या झाकणातली उलटी झडप बाटलीतून कूलंट परत ओढते. मधली नळी चिरलेली असेल किंवा झाकणाचे रबर कडक झाले असेल तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते. मग बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी स्थिती होते. दोष साध्या झाकणाचा आणि उघडले मात्र गाडीचे हेड, हे प्रकार टाळता येण्यासारखे आहेत. म्हणून आधी झाकण तपासावे, मग हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत दाब द्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे टेस्टरचा काटा पडतो का पाहावे. पडला, तर गळती होजच्या (रबरी पाइपच्या) टोकाला, पंपाच्या सीलला, हीटरपाशी किंवा इंजिनाच्या आत शोधावी.

गळती कुठेच नाही, हवा काढली, तरी आठवड्याभरात पुन्हा खळखळ, तर शंका हेड गॅस्केटवर (हेड आणि खालचे इंजिन यांच्या सांध्यातल्या सीलवर) घ्यावी. सिलिंडरमधला जळालेला वायू गॅस्केटच्या फटीतून कूलंटमध्ये शिरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो, कारण तो दाब उष्णतेचा नसून सिलिंडरचा असतो. शहरात ठीक चालणारी गाडी खंडाळ्याच्या घाटात भार पडताच उकळते आणि बाटलीतून कूलंट बाहेर फेकते, हीसुद्धा याच दोषाची ओळखीची तऱ्हा. ऑइलमध्ये दुधट चिकटा किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर दिसला तर शंका बळावते. पण ही लक्षणे नसली म्हणून गॅस्केट शाबूत आहे असे धरू नये.

पक्की परीक्षा निळ्या द्रावणाची. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवून आतली हवा रबरी फुग्याने द्रावणातून ओढतात. त्याआधी कूलंटची पातळी थोडी उतरवावी, कारण कूलंटच नळीत ओढले गेले तर परीक्षा वाया जाते. कूलंटमध्ये ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग हिरवट होत पिवळा पडतो. पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही इंजिनांना ही परीक्षा चालते. डिझेल इंजिनाच्या रिकाम्या चालीत हा वायू कमी असतो, म्हणून भार देऊन पाहावे लागते.

हवा काढणे

गाडीचे नाक चढावर ठेवावे. सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प पुरतो. इंजिन थंड असतानाच झाकण उघडावे, तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, ब्लीड स्क्रू (हवा सोडण्याचा स्क्रू) असल्यास तो सैल करून, त्यातून अखंड धार येईपर्यंत कूलंट सावकाश भरावे. मग तोंडावर फनेल बसवून इंजिन चालू ठेवावे, वरचा होज मधूनमधून दाबावा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबावे. थर्मोस्टॅट नवा बसवला असेल तर त्यातले हवेचे छोटे भोक वरच्या बाजूला हवे.

भरताना कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरावे. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी घालू नये. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. काढलेले कूलंट गटारात ओतू नये किंवा उघड्या टबात ठेवू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आवारातली कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही दगावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी थोडी उतरलेली आढळते. उरलेली हवा निघाल्याची ती खूण, तेवढे भरून घ्यावे. त्यानंतरही रोज सकाळी उतरतच राहिली तर भरत बसू नये, प्रेशर टेस्टर पुन्हा लावावा.