कोकणातलं गाड्यांचं प्रदूषण-धोरण आणि प्रवासाचं स्वातंत्र्य

गाड्यांचा धूर कमी व्हावा, पण माणसाला हवं तेव्हा हवं तिथे जाताही यावं, या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळायला सरकार जे नियम, कर, सवलती आणि सोयी करतं त्या सगळ्याला मिळून गाड्यांचं प्रदूषण-धोरण म्हणतात. दिल्लीत २०१६ ला सम-विषम नंबरच्या गाड्या आलटून-पालटून रस्त्यावर आणायचा प्रयोग झाला, लंडनमध्ये २००३ पासून शहराच्या मध्यभागी गाडी नेली की पैसे भरावे लागतात, पण तिथे गाडी घरी ठेवली तरी मेट्रो आहे. मंडणगड नाहीतर राजापूरच्या आतल्या वाडीत वस्तीची एसटी सकाळी निघून गेली की मग वडाप (माणसं भरून नेणारी खासगी जीप) किंवा स्वतःची बाइक, आणि रात्री कुणाला साप चावला तर तालुक्याला न्यायला शेजाऱ्याची गाडीच लागते. त्यामुळे कोकणात आधी पर्याय आणि मग बंधन हाच क्रम चालू शकतो, उलटा केला तर गरीब माणूस घरात अडकून पडेल.

आजवर सगळ्यात जास्त फरक पडला तो गाडी आणि इंधन सुधारल्याने. २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं, मग भारत स्टेज (बीएस) म्हणजे गाडीच्या धुरावरच्या मर्यादेचे टप्पे आले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-५ गाळून देशभर थेट बीएस-६ लागू झालं, इंधनातलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं. यात कुणाचा प्रवास अडला नाही, चालवणाऱ्याला फारसं वेगळं काही करावंही लागलं नाही.

पीयूसीचं, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी करून मिळणाऱ्या सर्टिफिकेटचं, मात्र तसं नाही. पंपाच्या कडेला व्हॅन उभी असते, पेट्रोल गाडी न्यूट्रलला ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे येतात, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि सर्टिफिकेट हातात. डिझेल गाडीला ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा बघतात. नायट्रोजन ऑक्साइड आणि बारीक कण यात मोजलेच जात नाहीत, म्हणजे घाटात लोड घेऊन चढताना गाडी काय सोडते ते कळत नाही, आणि पीयूसी नसेल तर दंड मात्र १०,००० रुपयांपर्यंत. नियम हवाच, पण तपासणी खरी हवी.

खरा कोकणी पर्याय पाण्यावर आहे. खाड्यांमुळे समोर दिसणाऱ्या गावाला जायला मोठा वळसा पडतो. दापोलीहून गुहागरला रस्त्याने जायचं तर खेड-चिपळूण करत जावं लागतं, तेच दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढवली की काही मिनिटांत वाशिष्ठीची खाडी पार. वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ याही तशाच. मार्च २०२० पासून मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत रो-रो (गाड्या चढवून नेणारी बोट) सुरू झाली, अलिबागकडे जाणाऱ्या गाड्यांचा पेण-वडखळचा ट्रॅफिक टळतो. बोट डिझेल जाळते हे खरं, पण गाडी तुमची, वेळ तुमची आणि रस्त्यावरचा धूर कमी, त्यामुळे या फेऱ्यांकडे पर्यावरणाचं काम म्हणून बघून त्यांना पैसा मिळायला हवा असं मनापासून वाटतं.

कोकण रेल्वेचा रोहा ते कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंतचा मार्ग २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला. ट्रक रेल्वेवर चढवून न्यायची सेवा १९९९ पासून आहे, ऑगस्ट २०२५ ला गणपतीच्या तोंडावर कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी कारसाठीही सुरू झाली, भाडं ७,८७५ रुपये. सुरुवातीला प्रतिसाद थंड होता, पुढे सिंधुदुर्गातल्या नांदगावला थांबा दिला. कल्पना उत्तम आहे, पण संगमेश्वरच्या चाकरमान्याला गोव्यात उतरून काय करायचंय, त्याला त्याच्या तालुक्याजवळ गाडी उतरवून मिळाली पाहिजे. गणपतीत सरकार कोकणच्या गाड्यांना टोलमाफी देतं, ती सगळ्याच गाड्यांना सारखी, धूर कमी सोडणारी असो की जास्त. आणि मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून रखडत आलंय, माणगावला तासन् तास इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांचा धूर कुठल्याच पीयूसीत येत नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांना जीएसटी ५ टक्के आहे, महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर टोलमाफी आहे. पण यातला एकही रस्ता तळकोकणात जात नाही, तिथे चार्जिंग आणि पावसाळ्यातली वीज हाच प्रश्न. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोलीकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. रोज ठरलेल्या अंतरात फिरणाऱ्या रिक्षा, वडाप आणि स्कूटर आधी विजेवर आणणं जास्त शहाणपणाचं.

पूर्ण बंदीचं उदाहरण माथेरान, किनाऱ्यावर नसलं तरी रायगड जिल्ह्यातलंच. २००३ मध्ये ते इको सेन्सिटिव्ह झोन (पर्यावरणासाठी जपायचा भाग) झालं, गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात. पर्यटकाला हे छान वाटतं, पण शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं वर्षानुवर्षं चालत राहिली नाहीतर हातरिक्षात बसली. ई-रिक्षाची चाचणी डिसेंबर २०२२ ला सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं.