साधी प्रोग्रेसिव्ह आणि ऑफिस प्रोग्रेसिव्ह: दिसायला सारख्या, मोजायला वेगळ्या

दोन्ही लेन्स हातात घेतल्या तर फरक कळत नाही. बायफोकलसारखी रेघ एकीतही नसते, दोन्हींत जवळचा नंबर खाली असतो आणि वर जाताना तो हळूहळू बदलतो. त्यामुळे चाळीशी लागलेल्या आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला बरेचदा सरसकट साधी प्रोग्रेसिव्ह दिली जाते. मग तो हनुवटी वर करून स्क्रीन वाचायला लागतो आणि मान धरते.

साधी प्रोग्रेसिव्ह लांबच्या नंबरापासून मोजायला सुरुवात करते. बाहुलीसमोर लांबचा नंबर, तिथून १४ ते १८ मिलिमीटर खाली पूर्ण ॲड (जवळचं दिसण्यासाठी लांबच्या नंबरात मिळवायचा आकडा). मॉनिटरला लागणारा मधला नंबर या उतारावर कुठेतरी, एका अरुंद पट्ट्यात सापडतो. ऑफिस प्रोग्रेसिव्हची सुरुवात जवळच्या नंबरापासून होते. वर जाताना तो ठरावीक आकड्याने कमी होतो, या आकड्याला डिग्रेशन म्हणतात. लांबचा नंबर बहुतेक डिझाइनमध्ये नसतोच.

उदाहरण घेऊ. लांबचा नंबर +१.००, ॲड +२.००, म्हणजे जवळचा +३.००. डिग्रेशन १.२५ निवडलं तर काचेच्या वरच्या भागात +१.७५ येतो. लांबच्या नंबरापेक्षा हा ०.७५ ने जास्त आहे. आता १०० ला ०.७५ ने भागा: १३३ सेंटिमीटर. या माणसाला साधारण सव्वा मीटरपर्यंतचं आरामात दिसेल, त्यापुढचं धूसर होत जाईल. डिग्रेशन १.५० केलं तर ही मर्यादा २ मीटरवर जाते, १.७५ केलं तर ४ मीटरवर. ऑफिस लेन्स निवडणं म्हणजे मुळात ही मर्यादा निवडणं.

मर्यादा वाढवली की रुंदी कमी होते, आणि इथेच खरी देवाणघेवाण आहे. काचेच्या पृष्ठभागावर नंबर वरून खाली जितक्या वेगाने बदलतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला नको असलेला सिलिंडर (नजर धूसर करणारा तिरका नंबर) तयार होतो. १९६३ साली मांडला गेलेला हा मिंकविट्झचा नियम कोणत्याही महागड्या डिझाइनला चुकवता येत नाही. वरच्याच माणसाला साधी प्रोग्रेसिव्ह दिली आणि २.०० चा बदल १२ मिलिमीटरमध्ये बसवला, तर ०.५० सिलिंडरच्या आतला स्वच्छ पट्टा ढोबळमानाने ३ मिलिमीटर उरतो. ऑफिस लेन्समध्ये १.२५ चा बदल २० मिलिमीटरवर पसरला तर तोच पट्टा ८ मिलिमीटर होतो. दोन मॉनिटर शेजारी ठेवणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

म्हणून डोळे तपासण्याइतकंच टेबल मोजणं महत्त्वाचं. नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखं बसा आणि दुसऱ्या कुणालातरी टेपने मोजायला सांगा: नाकावरच्या ब्रिजपासून स्क्रीनपर्यंत, कीबोर्डपर्यंत, कागदापर्यंत, आणि समोर बसणाऱ्या माणसापर्यंत. डेस्कटॉप बहुधा ६० ते ७५ सेंटिमीटरवर असतो, लॅपटॉप ५० ते ६०. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली, हेही लिहून घ्या. हे आकडे न विचारता ऑफिस लेन्सची ऑर्डर घेतली जात असेल तर ती अंदाजाने घेतली जाते आहे.

फिटिंगआधी फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून घ्यायची. नोजपॅड आणि काड्या नंतर वाकवल्या तर घेतलेली उंची वाया जाते. पीडी, म्हणजे बाहुल्यांमधलं अंतर, नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याची वेगळी हवी; एकूण ६४ मिलिमीटर आहे म्हणून दोन्हीकडे ३२ लिहिणं चालत नाही. साध्या प्रोग्रेसिव्हला लांबची पीडी आणि लांब पाहतानाची बाहुलीच्या मध्याची उंची लागते. ऑफिस लेन्समध्ये कंपनीगणिक फरक पडतो: काही डिझाइन लांबची पीडी घेऊन स्वतः आत सरकवतात, काहींना जवळचीच द्यावी लागते. पहिल्या प्रकारात जवळची पीडी दिली तर प्रत्येक डोळ्यामागे दोन-अडीच मिलिमीटरची चूक होते. उंचीचा संदर्भबिंदूही सूचनापत्रात पाहूनच घ्यावा. लेन्स फार वर बसली तर जवळचा नंबर स्क्रीनसमोर येतो आणि माणूस पुढे झुकतो. फार खाली बसली तर पुन्हा हनुवटी वर.

ऑर्डर लिहिताना होणारी एक चूक वारंवार दिसते: डिग्रेशनचा आकडा ॲडच्या रकान्यात जातो. लॅब १.२५ ला ॲड समजते आणि जवळचा नंबर ०.७५ ने कमी येतो. लांबचा नंबर, पूर्ण ॲड, डिझाइनचं नाव आणि डिग्रेशन हे चारही स्वतंत्र लिहून द्यावेत.

चष्मा हातात आल्यावर काच ट्यूबलाइटसमोर तिरकी धरा. दोन बारीक कोरीव खुणा दिसतात, बहुधा एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. त्यांवर मार्करचे ठिपके देऊन कंपनीच्या तक्त्यावर काच ठेवली की बाकी बिंदू सापडतात. लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) वरच्या भागात लांबचा नंबर शोधू नका. −३.०० लांबचा आणि +२.०० ॲड असलेल्याला १.२५ डिग्रेशनच्या काचेत वर −२.२५ दिसेल, आणि ते बरोबर आहे.

हा चष्मा लावून स्कूटर किंवा गाडी चालवू नये, खोलीभर दिसणारं डिझाइन असलं तरी. ऑफिसमधून निघताना चष्मा बदलायचाच, म्हणून दोन्ही चष्म्यांच्या फ्रेमचा रंग वेगळा ठेवलेला बरा.

'कॉम्प्युटर ग्लासेस' म्हणून विकला जाणारा बिननंबरी ब्लू-कट (निळा प्रकाश अडवणारा) चष्मा ही तिसरीच वस्तू आहे. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा आढावा), अशा काचांनी डोळ्यांचा ताण साध्या काचांपेक्षा कमी होतो असं आढळलं नाही. चाळिशीनंतरच्या फोकसच्या अडचणीवर तर त्याचा काहीच उपयोग नाही.

ॲड +१.०० च्या आसपास असेल आणि स्क्रीनवर दोन-तीन तासच जात असतील, तर साधी प्रोग्रेसिव्ह पुरते. ॲड +१.५० च्या पुढे आणि काम दिवसभराचं असेल तर दुसऱ्या चष्म्यासाठी पैसे घालावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. बजेट नसेल आणि एकाच अंतरावरच्या एकाच मॉनिटरवर काम असेल, तर त्या अंतराचा साधा एकनंबरी चष्माही उत्तम चालतो: वरच्या उदाहरणात ६५ सेंटिमीटरसाठी +२.००. स्वच्छ भाग सर्वांत रुंद त्यातच मिळतो, फक्त मोबाइल थोडा लांब धरावा लागतो.