धान पिवळं पडलं: जस्त कमी की लोह?

धान पिवळं दिसलं की गोंदिया-भंडाऱ्यापासून सिंदेवाहीपर्यंत सल्ला एकच, "मायक्रो मार," म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्यं फवार. मग कृषी केंद्रातून ग्रेड-२ ची, म्हणजे फवारायच्या मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांची, बाटली येते. त्यात जस्तही असतं, लोहही असतं. पण पिकाला जे हवं, ते बहुधा पुरेसं नसतं. म्हणून आधी नेमकं काय कमी आहे ते ओळखावं. त्याला एक पैसा लागत नाही.

धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन्ही सारखंच दिसतं. बांधीत (धानाच्या खाचरात) उतरा, एक चूड (रोपांचा झुबका) उपटून हातात घ्या. जस्त कमी असेल तर बिघाड मुख्यतः खालच्या, जुन्या पानांवर दिसतो: तांबूस-तपकिरी ठिपके येतात, एकमेकांत मिसळतात, पान करपल्यासारखं होतं, फुटवे अडतात. रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांत हे दिसू लागतं. हाच खैरा रोग. तो जस्ताअभावी होतो हे वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये पंतनगरच्या कृषी विद्यापीठात दाखवलं. लोहाचं नेमकं उलटं. जुनी पानं हिरवी आणि कोवळं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. पुढं शिराही फिकटतात आणि पान पांढुरकं पडतं. सगळ्यात जुनं पान सरसकट पिवळं, ठिपके नाहीत, तर बहुधा नत्र कमी आहे.

या उलटेपणाचं मूळ पाण्यात आहे. पाणी साचलेल्या बांधीत मातीतली हवा संपते, लोह विरघळतं आणि मुळांना मिळतं. जस्त मात्र त्याच पाण्यात अडकून बसतं. उतारावरच्या आवत्या धानात, म्हणजे रोवणी न करता थेट पेरलेल्या धानात, पाणी थांबत नाही, हवा खेळते, आणि मातीत लोह असूनही ते विरघळत नाही. चुनखडीच्या जमिनीत तर ही अडचण जास्तच. पावसाची उघडीप लांबली की आवत्या धान आणि गादीवाफ्यावरचे पऱ्हे (रोपं) पांढरे पडतात, ते यामुळंच.

उपायही म्हणूनच वेगळे. जस्तासाठी लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुन्याची निवळी फवारा; चुना टाळलात तर पानं भाजू शकतात. पुढच्या हंगामात एकरी १० किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्या, पण स्फुरदाच्या खतात मिसळू नका. लोह मात्र उताराच्या किंवा चुनखडीच्या जमिनीत टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, ते लगेच पुन्हा अडकतं. इथं फवारणीच हवी: लिटरला ५ ते १० ग्रॅम फेरस सल्फेट, थोडं सायट्रिक आम्ल घालून. खडे हिरवे असावेत. तपकिरी झालेली भुकटी घेऊ नका. लोह जुन्या पानातून नव्यात जात नाही, म्हणून आठवड्यानं दुसरी फवारणी लागते, कधी तिसरीही.

उत्पन्नासाठी हे सगळं फुटव्यांच्या वेळी व्हायला हवं. 'सहभागी धान'सारखं सुमारे १०५ दिवसांचं वाण उशिरा सावरलं तरी गेलेले फुटवे भरून काढायला त्याच्याकडे दिवसच उरत नाहीत. लोंबी आल्यावर मारलेलं जस्त दाण्यात उतरतं, तांदूळ पौष्टिक होतो. पोत्यांची संख्या मात्र त्यानं फारशी वाढत नाही.